डबा परत आला

थालीपिठं चार होती. लोण्याची छोटी डबी, शेंगदाण्याची चटणी आणि मीठ न लावता चिरलेली काकडी. लेकीच्या कोपनहेगनच्या स्वयंपाकघरातली ती काचेसारखी गुळगुळीत शेगडी मला अजून वश झालेली नव्हती. तवा आधी तापतच नाही आणि मग एकदम डोक्यात राख घालून घेतो. तरी साताऱ्याहून नेलेली भाजणी भिजवून, मधे भोकं पाडून, कडेनं तेल सोडून चार थालीपिठं खरपूस उतरवली, तेव्हा आपण इथेही संसार करू शकू असं मला क्षणभर वाटलं. लेक म्हणाली, "आज बाहेर जेवू. जवळच बाग आहे, मला फार आवडते." मेट्रोनं नोरेब्रोस रुन्डेल स्टेशनला उतरलो. रस्त्याच्या कडेनं एक लांबच लांब पिवळी भिंत होती, तिच्यातल्या फाटकातून आत गेलो. उंच झाडं, मधून सायकलींची वाट, गवतावर पसरलेली माणसं. पहिल्या शंभर पावलांत मला काही कळलंच नाही. मग झुडपांच्या कुंपणाआड एक दगड दिसला, त्याच्यावर नाव आणि दोन तारखा. मग दुसरा. मग दिसतील तिकडे दगडच. तोवर लेकीनं एका झाडाखाली चादर अंथरली होती आणि डब्याच्या झाकणाला हात घातला होता.

"अगं, हे स्मशान आहे."

"हो आई. सगळे इथे येऊन बसतात. मीही येते."

"मी इथे अन्न उघडू देणार नाही. चल घरी."

तिनं मला एकदा पाहिलं, डबा पिशवीत ठेवला, चादरीची घडी घातली. घरी पोचल्यावर मी कोणाशी न बोलता आधी आंघोळ केली, डोक्यावरून. थालीपिठं रात्री गरम करून खाल्ली. ती मऊ पडली होती. गोष्ट एवढीच. पण तिच्या हातातली ती अर्धवट उघडलेली चादर मला पुढचे दोन महिने कुठे ना कुठे दिसत राहिली.

आमच्याकडे स्मशान म्हणजे संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात तिथे. साताऱ्यापासून फार लांब नाही. देवळं बघायला, घाटावर दिवे सोडायला मी शंभर वेळा गेले असेन. पण ज्या बाजूला धूर दिसतो त्या बाजूला नाही. लहानपणी आजोबा वारले तेव्हा पुरुष परत आल्यावर दारातच त्यांच्या हातावर कडुलिंबाचा पाला ठेवलेला आठवतो. बायकांनी उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, पाण्याचे हंडे भरून ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हाही तसंच झालं. तिरडी उचलली आणि मी उंबऱ्याच्या आत राहिले. अग्नी पुतण्यानं दिला. म्हणजे सांगायचं तर चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी ज्या पहिल्या स्मशानात पाऊल टाकलं ते डेन्मार्कमधलं, आणि तेही हातात डबा घेऊन. मी बिथरले यात नवल नाही, असं मी माझ्याकडून अजूनही म्हणते.

बाकी पाहुण्यांनी जे बघायचं ते सगळं जावयांनी हौसेनं दाखवलं. जलपरीचा पुतळा पाहिला. तो 1913 सालचा, सव्वा मीटर उंचीचा, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलीएवढा. ती बिचारी पाण्याकडे बघते आणि पर्यटक तिच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. 1964 मध्ये कोणीतरी तिचं डोकं करवतीनं कापून नेलं होतं, हे जावयांनी इतक्या सहज सांगितलं, जणू शेजारच्यांची सायकल चोरीला गेली असावी. दहा मिनिटांत आम्ही निघालो. तिवोलीत मात्र मी रमले. भर शहरात, मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोर ही बाग, आणि ती सुरू झाली 15 ऑगस्टला. वर्ष अर्थात 1843. तिथे 1914 पासून चालू असलेली एक लाकडी घसरगाडी आहे, तिच्या प्रत्येक गाडीबरोबर आजही एक माणूस हातानं ब्रेक लावायला बसतो. आपली गाडी वेगात उताराला लागलेली असताना मागे कोणीतरी दांडा धरून बसलंय, ही कल्पना मला फार धीराची वाटली. (बसले मात्र नाही. माझ्या गुडघ्यांना कल्पना पुरली.) आणि तिथलं मूकनाट्याचं थिएटर. त्याचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा. खेळ सुरू व्हायच्या आधी तो पिसारा हळूहळू मिटतो, खाली जातो आणि मागून रंगमंच दिसतो. 1874 पासून हा मोर पिसारा मिटतोय. माझ्या शेजारी बसलेलं तीनेक वर्षांचं पोर टाळ्या वाजवायला लागलं, मीही वाजवल्या.

पण डॅनिश माणूस जिथे मनापासून सुखावतो ती जागा तिवोली नव्हे. ती म्हणजे ऊन पडलेलं कुठलंही गवत. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. लेक पहिल्या हिवाळ्यात फोनवर रडायची, ते मला तेव्हा घराच्या आठवणीनं वाटायचं. ते अंधारानंही होतं. म्हणून जून आला, रात्री दहापर्यंत उजेड राहायला लागला, की ही माणसं साठेबाजी केल्यासारखं ऊन गोळा करत सुटतात. बंदरातल्या पाण्यात, जिथे एकेकाळी गटारं आणि कारखाने सगळं सोडून द्यायचे, तिथे 2002 पासून लाकडी फळ्यांचे पोहण्याचे तलाव केलेत. ऑफिस सुटलं की लोक पिशवी ठेवतात, कपडे काढतात आणि थेट उडी. मग फळीवर आडवे. कॅफेच्या बाहेर बाबागाडीत पोरं झोपलेली असतात, आईबाप आत काचेपलीकडे कॉफी पितात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या गाडीशेजारी पाच मिनिटं पहारा देत उभी राहिले. शेवटी आतून पोराचा बापच बाहेर आला, बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईनं असंच बाळ हॉटेलबाहेर ठेवलं म्हणून पोलिसांनी तिला पकडलं होतं, हे लेकीनं सांगितलं तेव्हा मला त्या पोलिसांची बाजू पटली. तिला आईची पटत होती. त्या देशाच्या त्या प्रसिद्ध 'ह्युगे' शब्दाबद्दल, म्हणजे ऊबदार निवांतपणाबद्दल, मी काही लिहिणार नाही. त्याच्या नावावर जगभर पुरेशा मेणबत्त्या खपल्या आहेत.

लुईझियानाला गेलो तो दिवस वेगळाच होता. कोपनहेगनहून आगगाडीनं अर्ध्यापाऊण तासावर हुम्लेबेक नावाचं गाव, तिथे समुद्राकाठी हे कलासंग्रहालय. नाव अमेरिकन वाटतं, पण त्याच्यामागे संसारी गोष्ट आहे: ज्या माणसानं मूळ बंगला बांधला त्याच्या तीन बायका झाल्या आणि तिघींचंही नाव लुईझ. 1958 मध्ये संग्रहालय झालं तेव्हा नाव तेच ठेवलं. मला त्यातल्या तिसऱ्या लुईझचं नेहमी वाटतं. घराच्या पाटीवर आपलंच नाव आणि तरी ते आपलं नाही. आत लांबलचक काचेच्या वाटा आहेत, चालता चालता चित्रं संपतात आणि झाड सुरू होतं, झाड संपतं आणि पुन्हा चित्रं. एका खोलीत जाकोमेत्तीचे ते काटकुळे, वाळून गेलेले पुतळे उभे आहेत आणि त्यांच्या मागे खिडकीत हिरवंगार तळं. बाहेर उतारावर गवत, गवतावर मोठमोठी शिल्पं, पलीकडे समुद्र, समुद्रापलीकडे स्वीडनचा किनारा. आणि शिल्पांच्या पायाशी, अर्थातच, माणसं आडवी पडलेली. कोणी वाचतंय, कोणी पोराला स्ट्रॉबेरी भरवतंय. तिथल्या कॅफेत मी राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर तळलेला कांदा, असा प्रकार खाल्ला. तो पाव भाकरीच्या जवळचा आहे. आंबूस, जड, चावायला लावणारा, पोटात गेल्यावर बराच वेळ सोबत करणारा. काट्याचमच्यानं खायचा असतो. मी हातानं खाल्ला. उतारावर बसून समुद्राकडे बघताना मनात आलं की इथे मी निवांत जेवले, तिथे का नाही? इथेही दगडच आहेत. फक्त यांच्याखाली कोणी नाही.

घरी आल्यावर जावयांना त्या स्मशानाबद्दल विचारलं. त्यांना असले प्रश्न आवडतात. त्या जागेचं नाव आसिस्टेन्स. मदतीचं, म्हणजे शहरातल्या चर्चच्या आवारात मढी मावेनात म्हणून 1760 मध्ये वेशीबाहेर काढलेलं जास्तीचं स्मशान. सुरुवातीला तिथे फक्त गरिबांना पुरायचे. 1785 मध्ये एका बड्या अधिकाऱ्यानं हट्टानं स्वतःला तिथे पुरून घेतलं आणि मग प्रतिष्ठितांची रीघ लागली. मेल्यावर कुठे राहायचं यातही फॅशन असते! पुढे कोपनहेगनकर सहलीला तिथेच जायला लागले. टोपल्या भरून खाणं, बाटल्या, वाद्यं. 1805 मध्ये सरकारला नियम काढावा लागला की स्मशानात खाणंपिणं, गाणंबजावणं चालणार नाही. नियम पाळायला लावायचं काम होतं कबरी खणणाऱ्यांकडे. 1813 मध्ये दुसरा नियम काढावा लागला, की कबरी खणणाऱ्यांनी स्मशानात दारू विकू नये. मी हसले, आणि हसताना जरा खजीलही झाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा साहेबाच्या आणि माझ्या तोंडून एकच हुकूम निघाला होता, फक्त त्याचा कोणी ऐकला नव्हता.

मग मी एकदा त्यांच्याबरोबर मुद्दाम गेले. डबा न घेता. हान्स अँडरसनची कबर पाहिली, ज्याच्या कुरूप बदकाची गोष्ट मी वर्गात तीस वर्षं सांगितली. त्याला जिवंत पुरलं जाण्याची इतकी भीती वाटायची, की झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवायचा म्हणे: मी नुसता मेल्यासारखा दिसतोय. 1875 मध्ये खरंच गेला. त्याच्या दगडापुढे कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. अणुशास्त्रज्ञ नील्स बोरच्या कबरीच्या खांबावर घुबड बसवलंय. आपल्याकडे घराजवळ घुबड बसलं तर शांती करतात, इथे विद्येचा मान म्हणून बसवतात. आणि तत्त्वज्ञ किर्केगार्द. 'किर्केगोर' हा डॅनिश भाषेत साधा शब्द आहे, चर्चचं आवार, म्हणजेच स्मशानभूमी. त्या माणसाचं आडनावच ते. जन्मभर मरणाचा विचार केला आणि बेचाळिसाव्या वर्षी आपल्या आडनावात जाऊन झोपला. त्याच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर एक मुलगी पोहण्याच्या कपड्यांत पालथी झोपून अभ्यास करत होती. पिवळ्या पेनानं ओळी रंगवत होती. मी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि सारखी पाहत राहिले.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा सज्जनगड आठवला. समर्थांची समाधी वरच्या राममंदिराच्या खाली, तळघरासारख्या जागेत आहे. पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं, वर यायचं आणि प्रसादाच्या पंगतीला बसायचं. किती वेळा जेवले असेन मी तिथे! लग्न झाल्यावर पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर गेले तेव्हा आमटी-भातावर ताव मारला होता आणि सासूबाईंनी कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेच्या सहली रायगडावर नेल्या तेव्हा महाराजांच्या समाधीला नमस्कार करून, जगदीश्वराच्या देवळाबाहेर सावली शोधून साठ पोरांचे डबे मीच उघडायला लावले. तिथे विटाळ नाही. ते संत, ते राजे. त्यांचं मरण मरण नसतं, असं आपण ठरवलंय. साध्या माणसाच्या मरणाला मात्र पाणी ओतून घराबाहेर ठेवायचं. आणि तरी पुन्हा त्यांनाच जेवायला बोलवायचं: पिंड ठेवायचे, पितृपक्षात पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची. आपल्याकडे मेलेले जेवतात, आपण त्यांच्याजवळ बसून जेवत नाही. तिकडे जिवंत जेवतात, मेलेले पडून असतात. कोण कोणाच्या जास्त जवळ आहे, हे मला रात्री दोन वाजता ठरवता आलं नाही. खिडकीबाहेर तोवर उजाडायच्या तयारीत होतं.

मधे 23 जून येऊन गेला. सांक्त हान्सची रात्र. समुद्रकिनाऱ्यावर लाकडं रचलेली, वर झाडूवर बसवलेली चिंध्यांची चेटकीण, कोणीतरी भाषण करतं, मग आग लावतात आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. मला वाटलं आता बोंब मारतील. नाही. घसा न ताणता, सुरात, उन्हाळ्यावरचं गाणं. चेटकिणीच्या पोटातले फटाके वाजले तेव्हा पोरं ओरडली, तेवढीच होळी. याच देशात सतराव्या शतकात खऱ्याखुऱ्या बायका जाळल्या आहेत, हे माहीत असल्यामुळे ती बाहुली जळताना बघवेना. पण मग होलिकाही कोणाची तरी आत्या होतीच. मी नारळ आणला नाही याची चुटपूट मात्र लागली.

जुलैत मी एकटीनं आसिस्टेन्सला जायला लागले. कारण द्यायचं म्हणून गुडघ्यांचा व्यायाम. काही भाग आता नुसती बाग आहे, काही भागात अजून माणसं पुरतात, आणि तिथे लोक आपणहून आवाज खाली आणतात. ही मर्यादा मला आधी दिसली नव्हती. नळाजवळ पाण्याच्या झाऱ्या टांगलेल्या असतात, कोणीही घ्याव्या, परत टांगाव्या. प्रत्येक कबरीभोवती गुडघ्याएवढ्या झुडपांचं कुंपण, आत फुलं, जणू एकखोली बाग. ही जागा कायमची नसते. ठरावीक वर्षांचा करार असतो, घरच्यांनी तो वाढवला नाही तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला मिळते. भाड्याची खोलीच. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की आज डेन्मार्कमध्ये 80 टक्क्यांहून अधिक लोकांना पुरत नाहीत, दहनच करतात. मग राखेचा कलश पुरतात. काही जण तर सांगूनच ठेवतात की दगड नको, नाव नको, सगळ्यांच्या बरोबर गवताखाली ठेवा. एक म्हातारबाबा मला दोनतीनदा दिसले. झारीनं पाणी घालायचे, गुडघे टेकून वाळकी फुलं खुडायचे, मग घडीच्या स्टुलावर बसून कागदातला पाव खायचे. खाऊन झाल्यावर मांडीवरचा चुरा कबरीवरच झटकायचे. पहिल्यांदा मला तो अपमान वाटला. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आठवलं, हेही असेच चुरमुऱ्यांचा चुरा माझ्या पुसलेल्या फरशीवर झटकायचे आणि मी ओरडायची.

आता ते सांगते, जे वर सांगितलं नाही.

त्या पहिल्या दिवशी लेक नुसतं "मीही येते" म्हणाली नव्हती. "बाबा गेल्यापासून मीही येते," असं म्हणाली होती. मी ऐकलं होतं. ऐकून डबा बंद करायला लावला होता. हे गेले तेव्हा ती इथून निघाली, दोन विमानं बदलून साताऱ्यात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. अस्थी गोळा करायलाही पुरुषच गेले. दहाव्याला कावळा शिवेना, तास उलटला, तेव्हा दिरांनी हात जोडून म्हटलं, "पोरीची काळजी करू नको, आम्ही आहोत," आणि कावळा शिवला. हे आम्हाला दोघींना घरी येऊन सांगितलं. ती पोर, जिच्या नावानं कावळा शिवला, ती तेव्हा माझ्याशेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिनं बापाला निजलेलं पाहिलं नाही, जळताना पाहिलं नाही, नदीत सोडताना पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं, पण मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. ती परत इथे आली आणि तिनं स्वतःसाठी दुसऱ्यांच्या माणसांतली एक जागा शोधली. मग मी आल्यावर मला तिथे घेऊन गेली, आणि मी तिला चादर गुंडाळायला लावली.

तिला हे मी अजून बोललेले नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलायची पद्धत नाही. आम्ही एकमेकींना खायला घालतो.

परतीच्या आदल्या गुरुवारी ती ऑफिसला गेल्यावर उरलेली सगळी भाजणी भिजवली. दोन थालीपिठं फ्रिजमध्ये तिच्यासाठी ठेवली, दोन डब्यात घेतली. त्याच झाडाखालच्या बाकावर बसले. समोर कावळा होता. आपल्या कावळ्याच्या मानेला राखाडी मफलर असतो, इथल्या कावळ्याला अख्खं राखाडी जाकीट. मी एक तुकडा मोडून, लोणी लावून बाकाच्या टोकाला ठेवला आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडे कोणाच्या तरी पावाची पिशवी उघडी होती. मग तो तुकडा मीच खाल्ला. मग दुसरा. सायकलवरून जाणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. दीड थालीपीठ संपलं. अर्धं झाकून घरी आणलं.

लेक संध्याकाळी आली तेव्हा मी ओले केस पंच्यात बांधून बसले होते. तिनं ओट्यावरचा डबा पाहिला, उघडला, अर्ध्या थालीपिठाकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे.

"अवेळी आंघोळ?"

"फार घाम आला होता गं."

"एकोणीस डिग्रीत?" म्हणाली, आणि ते अर्धं थालीपीठ तिनं उभ्या उभ्याच खाल्लं.